अनुदानकाका

शिवाजी पार्कच्या आसपास 1930-40 च्या दशकांत उठलेली कुठलीही तीन मजली इमारत घ्या, तिथे एक अनुदानकाका हमखास सापडतात. बँकेतून निवृत्त, सोसायटीचे सेक्रेटरी, खिशाला दोन पेनं आणि काखेत फाइल. फाइलीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं: 'दर्शनी भाग, मूळ स्वरूपात आणणेबाबत'. ते मूळ स्वरूप घालवलं कोणी, याचा कागद मात्र फाइलीत नसतो.

आमच्या काकांची इमारत आर्ट डेको. गोलाईच्या बाल्कन्या, खिडक्यांवर छज्जे, जिन्याला जहाजावर असतात तशा गोल खिडक्या, वर गच्चीच्या कठड्यावर सिमेंटात उठवलेलं इमारतीचं नाव. 1992 साली काकांनी बाल्कनी बंद केली. महापालिकेत रीतसर पैसे भरून. बेकायदा काही करणं त्यांच्या रक्तात नाही. पण ॲल्युमिनिअमचं स्लायडिंग गोलाईला वळेना. मिस्त्रीने सरळ फ्रेम ठोकून दिली आणि बाहेर उरलेल्या चंद्रकोरीत पाण्याचे रिकामे कॅन, मखराचं थर्माकोल आणि कबुतरांची तिसरी पिढी नांदू लागली. जुनं नागमोडी ग्रिल भंगारवाल्याने किलोवर नेलं. जिन्याच्या गोल खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसला. "मापातच निघाला हो!" हे काका अजून कौतुकाने सांगतात.

मग आलं 2018. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हकडच्या आर्ट डेको इमारती समोरच्या गॉथिक इमारतींसह जागतिक वारसा यादीत गेल्या, आणि काकांना वारशाचा पुळका आला. आपण त्या यादीत नाही, असं कोणी म्हटलं की उत्तर तयार: "ओव्हल काय, शिवाजी पार्क काय, शेवटी मैदानच ना?"

त्यात भर घातली न्यू जर्सीच्या भाच्याने. तिकडे 1950-60 च्या सुमारास दुकानदारांनी जुन्या विटांच्या देखण्या दर्शनी भागांवर ॲल्युमिनिअमचे पत्रे ठोकले होते. आता कितीतरी गावं ते पत्रे उतरवून आतलं मूळ रूप दुरुस्त करायला अनुदान देतात, बहुधा अर्धे पैसे मालकाचे, अर्धे गावाचे. काकांनी यातले दोनच शब्द उचलले. ॲल्युमिनिअम आणि अनुदान.

आपल्याकडे खासगी इमारतीला असे रोख पैसे देणारी खिडकी शोधणं म्हणजे दिवसा तारे शोधणं. वारसा यादीत असाल तर ठरावीक अटींवर टीडीआरची, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कांची, वाट आहे. पण टीडीआर विकावा लागतो, आणि त्याआधी सगळ्या सभासदांचं एकमत व्हावं लागतं. पाण्याच्या टाकीच्या रंगावर ज्यांचं अकरा महिने जमलं नाही, त्यांच्याकडून ही अपेक्षा म्हणजे जुलूमच. तरीही काकांनी एका संवर्धन वास्तुविशारद बाईंना चहाला बोलावलं.

बाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "बाल्कन्या कोणी बंद केल्या?"

"पूर्वीच्या लोकांनी," काका म्हणाले. काकूंनी कपबशी जरा जोरातच ठेवली.

मूळ रूपाचा पुरावा हवा, अंदाजाने ग्रिल बसवता येत नाही, असं बाई म्हणाल्या. अख्ख्या इमारतीत पुरावा निघाला एकच: 1962 सालचा, काकांच्या मुंजीचा फोटो. गोलाईच्या उघड्या बाल्कनीत बटू लंगोटीत उभा, आणि त्याच्या मागे ते नागमोडी ग्रिल, एकूण एक सळी मोजता येईल इतकं स्वच्छ. बाई हरखल्या. "सुरुवात याच बाल्कनीपासून करू. आधी हे स्लायडिंग काढायचं."

आत नातवाचं अभ्यासाचं टेबल, काकूंचं शिवणाचं मशीन आणि स्वतः काकांचा दुपारचा पलंग. काका म्हणाले, "तिसऱ्या मजल्यापासून सुरू केलं तर?"

पुढे भाच्यानेच आणखी एक माहिती पुरवली. अमेरिकेत साधारण पन्नास वर्षं झाली की वास्तू ऐतिहासिक ठरायला लायक होते, आणि नंतर केलेल्या बदलालाही स्वतःचं ऐतिहासिक मोल आलं असेल तर तोही जपायचा, असं तिथलं संवर्धनाचं तत्त्व आहे. काकांनी फाइलीच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला: 1992 अधिक 50, 2042. "तेव्हा मी अठ्ठ्याऐंशीचा. म्हणजे फार नाही." हल्ली त्या स्लायडिंगचं झिजलेलं चाकही ते बदलू देत नाहीत. काकू खिडकी लाथेने उघडतात.