सोडूभाऊ

तंबाखू खाणारी माणसं बालाघाटात गल्लोगल्ली सापडतात, त्यांचं कौतुक कोण करणार? तंबाखू सोडणारा मात्र मोहल्ल्यात एखादाच असतो, आणि तो जन्मभर सोडतच असतो. आमच्या मोहल्ल्यातल्या या गृहस्थांना हनुमान चौकाकडचे पानठेलेवाले सोडूभाऊ म्हणतात. खरं नाव पासबुकावर असेल.

चोरून सोडण्यात सोडूभाऊंना रस नाही. श्रोते हवेत, आणि श्रोते पानठेल्यावरच असतात. म्हणून ठेल्याच्या फळीवर कोपर टेकवून ते जाहीर करतात, "आजपासून बंद म्हंजे बंद!" ठेलेवाला पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता शांतपणे विचारतो, "मग शेवटचा घोटू ना, भाऊ?" शेवटचा म्हटल्यावर तो लहान कसा चालेल?

मुहूर्ताची त्यांना कधी अडचण पडत नाही. दसरा, पाडवा, स्वतःचा वाढदिवस, थोरल्या मुलीचा साखरपुडा, शिवाय ३१ मेचा जागतिक तंबाखूविरोधी दिन आहेच. एकदा तर बजरंग घाटावर जाऊन त्यांनी चुन्याची डबी वैनगंगेला अर्पण केली. दोनच दिवसांत नवी आली. मग पुढच्या सणाला तीही गेली. नदी पुढे भंडाऱ्याला पोचेपर्यंत तिचं पाणी चुनकट होत असणार, असं ठेलेवाल्याचं मत आहे.

सोडूभाऊंच्या आयुष्यातला सुवर्णकाळ म्हणजे २०१२. त्या वर्षी १ एप्रिलला मध्य प्रदेशानं गुटखाबंदी केली, देशात सगळ्यांच्या आधी. तारखेवरून लोक हसले, पण सोडूभाऊंची छाती फुगली. "सरकारनं आत्ता सोडलं, मी कवाचा सोडून राहिलो!" महाराष्ट्राची बंदी आली जुलैत. मधल्या काळात पुडी गोंदियाला उघड मिळत होती, आणि नेमक्या त्याच काळात सोडूभाऊंना गोंदियाचे दूरदूरचे नातेवाईक आठवू लागले. ज्या मावससासऱ्याच्या तेराव्याला ते गेले नव्हते, त्याच्या वर्षश्राद्धाला हजर! पुढे पुडीवाल्यांनीच वाट काढली. मसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत, आणि लग्न गिऱ्हाइकानं आपल्या तळहातावर लावायचं. कायद्यानं सोडलं आणि माणसानं धरलं, हा प्रकार सोडूभाऊंना इतका ओळखीचा वाटला की त्यांनी सरकारला मनापासून माफ केलं.

त्यांना माहिती नाही असं समजू नका. दवाखान्यातल्या भिंतीवरचा प्रत्येक तक्ता त्यांना पाठ आहे. निकोटिनची तलफ उसळते ती काही मिनिटांपुरती. तेवढा वेळ पाणी प्यावं, लांब श्वास घ्यावा, हाताला काम द्यावं, की ती ओसरते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट, त्यानंतर जोर कमी होत जातो, तीन-चार आठवड्यांत बराचसा निवतो. हे सगळं ते इतरांना उत्तम समजावतात. आणि स्वतः नेमके तिसऱ्या दिवशी, उभी चढण चढून माथ्याशी आल्यावर, उतार न पाहताच माघारी फिरतात. कोणी टोकलंच तर इतिहास काढतात. "जहांगीर बादशहानं १६१७ मधी तंबाखू बंद केला होता. त्याचं कोणी आयकलं? मंग माही जीभ माहं कशी आयकंल?"

बदली खेळाडूंचीही कमी नाही. लवंग झाली, बडीशेप झाली, फुटाणे झाले. फुटाण्यांनी पोट सुटलं तेव्हा डॉक्टरांनी वजनावर बोट ठेवलं, आणि प्रकृतीच्या कारणास्तव फुटाणे बंद करून पुन्हा खर्रा सुरू झाला. सध्याची तडजोड म्हणजे बिनतंबाखूचा खर्रा, नुसती सुपारी. आता सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच छापलेलं आहे. पण सोडूभाऊंचा वाद तंबाखूशी, सुपारीशी त्यांचं वैर नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. परवा मोती तलावाजवळ गुपचुपवाल्याकडे ते उभे होते. त्यांनी पुरी प्लेटमध्ये फोडली, चुरा केला आणि चमच्यानं खाल्ली. अख्खी तोंडात जात नाही. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात शिरतात का, ही साधी तपासणी त्यांनी आजवर सगळ्या मित्रांची घेतली आहे. स्वतःची घेत नाहीत.

सोडूभाऊंच्या घरी काकूंना हे कळतं. खिसे तपासणं त्यांनी केव्हाच सोडलं. घरात सोडण्याचा खरा मान त्यांचाच. त्या म्हणतात, "यायनं तंबाखू लय खेपा सोडला जी, पण ठेला एक दिवस नाही सोडला." माझंही तेच मत आहे. दिवेलागणीला पाय आपोआप तिकडे वळतात, चार ओळखीचे चेहरे असतात, पन्नी घोटल्याचा आवाज येतो, आणि हात खिशात जातो. तलफेला निकोटिन लागतं तशी जागाही लागते, वेळ लागते, संगत लागते. सोडूभाऊ सोडतात फक्त पुडी. तीही त्याच जागी, त्याच वेळी, त्याच संगतीत.

तंबाखू सोडवायला मदत करणारी सरकारची एक फोनसेवा २०१६ पासून आहे. नंबर १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. हा नंबर सोडूभाऊंनी ठेल्यावरच्या प्रत्येकाला दिला आहे, दोन-तीन जणांच्या मोबाइलमध्ये स्वतः भरूनही दिला. त्यांनी तो कधी लावलेला नाही. तुमच्या मोहल्ल्यातल्या सोडूभाऊंना नुसता देऊ नका. शेजारी बसून लावून द्या, आणि तेही ठेल्यापासून जरा लांब.