सोंग कोण ओळखणार?

खुनाच्या बातमीत ‘आरोपीची मानसिक स्थिती ठीक नव्हती, असा बचाव’ एवढी एक ओळ आली की निकाल लागतो. कोर्टात नव्हे, स्टँडवर. ‘थो काय येडा हाय? सोंग घेऊन रायला. द्या लटकवून.’ रिद्धपूरच्या टपरीपासून अमरावतीच्या राजकमल चौकापर्यंत हेच ऐकू येतं. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, ‘आता चालन दहा वर्सं केस.’

पहिलं वाक्य न तपासताच बोललेलं असतं. दुसरं बहुतेक वेळा खरं निघतं. आपला सगळा आवाज मात्र पहिल्यावर खर्च होतो, दुसऱ्यासाठी घशात काही उरतच नाही.

लोकांच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला ‘कायद्यावर विश्वास ठेवा’ असं सांगणं फार सोपं असतं, आणि सांगणारा संध्याकाळी आपल्या घरी जेवायला जातो. राग असलाच पाहिजे. तो चुकीच्या दारावर धडका देतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. जुन्या दंड संहितेचं कलम ८४, आता न्याय संहितेचं कलम २२. कृत्य करतेवेळी माणसाचं मन इतकं बिघडलेलं हवं की आपण काय करतोय हेच त्याला कळत नव्हतं, किंवा ते चूक आहे, बेकायदा आहे हे कळत नव्हतं. नुसता आजार पुरत नाही, गोळ्या चालू आहेत हेही पुरत नाही. डोकं फिरलं होतं, राग अनावर झाला, हे तर मुळीच नाही. आणि हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं.

समजा सिद्ध झालं, तर तो हार घालून घरी येतो का? नाही. त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायचं, किंवा तो स्वतःला नि इतरांना इजा करणार नाही अशी हमी देणाऱ्या नातेवाइकाकडे सोपवायचं, अशी तरतूद पूर्वीही होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. हा कायदा मुळात जिथून आला त्या इंग्लंडातली गोष्ट बघा. १८४३ साली डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घातली. वेडाच्या कारणावरून तो दोषमुक्त झाला आणि लंडनमध्ये आपल्या स्टँडवर होतो तसाच गहजब झाला. राणी व्हिक्टोरियासुद्धा चिडली. त्या गहजबातून न्यायाधीशांनी कडक नियम घालून दिले, आणि तेच पुढे १८६० च्या आपल्या दंड संहितेत उतरले. ‘सुटलेला’ मॅकनॉटन १८६५ मध्ये मेला तोवर वेड्यांच्या कोठडीतच होता. बावीस वर्षं.

आता आपल्याकडचं. २५ जानेवारी २०१२. पुण्याच्या स्वारगेट आगारातून संतोष माने या एसटीचालकानं सकाळच्या गर्दीत बस बाहेर काढली आणि रस्त्यावरची माणसं चिरडत नेली. नऊ जण गेले, सदतीस जखमी झाले. बचाव वेडाचाच होता, सोलापूरच्या मानसोपचाराचे कागदही पुढे आले. सत्र न्यायालयानं तो मानला नाही, उच्च न्यायालयानं मानला नाही, सर्वोच्च न्यायालयानंही नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली, तीही वेडा म्हणून नव्हे. ड्युटी बदलून मिळाली नाही या तणावाखाली त्याच्या हातून हे घडलं, म्हणून. ‘वेडाचा कागद दाखवला की सुटला’ म्हणणाऱ्यांनी हा खटला एकदा नीट वाचावा.

दुसरा खटलाही महाराष्ट्रातलाच. १९९४ मध्ये एका पोलीस शिपायानं पोलीस वसाहतीतल्या घरात स्वतःच्या बायकोच्या डोक्यात मसाला वाटायचा दगड घातला. खून त्यानंच केला याबद्दल वाद नव्हता. खालच्या कोर्टानं दोषी धरलं, वरच्यानं धरलं. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये उपचारांच्या नोंदी तपासल्या. आजार घटनेच्या आधीपासूनचा, पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचा. वडिलांनाही मनाचा आजार होता. घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा इस्पितळात न्यावं लागलं होतं. पळून जाण्याचा, पुरावा लपवण्याचा प्रयत्न नव्हता. न्यायालयानं त्याला कलम ८४ चा आधार दिला.

म्हणजे एकाचा बचाव टिकला नाही, दुसऱ्याचा टिकला, आणि कागदोपत्री आजार दोघांकडेही होता. फरक स्टँडवरून दिसत नाही. तो तपासावा लागतो. आता दोन्हींतली वर्षं मोजा. पहिल्यात सात, दुसऱ्यात आठ. ज्याला आपण काय करतोय हे कळत नव्हतं असं अखेरीस ठरलं, तो आठ वर्षं खुनी म्हणूनच गणला गेला. आणि पुण्यात ज्यांच्या घरचं माणूस बसखाली गेलं, त्यांना ‘वेडाचा बचाव चालणार नाही’ एवढं पक्कं कळायला सात वर्षं लागली.

उशीर खऱ्या आजाऱ्याला मारतो आणि सोंगाड्याला तारतो. ज्याला खरंच काही तरी होतंय त्याला त्या पंधरवड्यात डॉक्टरानं पाहिलं तर ते दिसतं. झोप नाही, आवाज ऐकू येतात, घरचेच विष घालतात असा संशय आहे, हे सगळं ताजं असतं. चार वर्षांनी काय दिसणार? तुरुंगात गोळ्या मिळाल्या असतील तर माणूस शांत दिसतो, नसतील मिळाल्या तर आणखी बिघडलेला दिसतो. घटनेच्या दिवशी काय होतं ते दोन्हींतून कळत नाही. सोंग घेणाऱ्याला मात्र ही चार वर्षं आयतीच मिळतात. कागद जमवायला, साक्षीदार पढवायला, बराकीतल्या जुन्या कैद्याकडून चार लक्षणं शिकून घ्यायला.

यावर इलाज नवा नाही. आरोपीला पूर्वी मनाचा आजार होता असं तपासात दिसलं, तर त्याची ताबडतोब वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा कोर्टापुढे ठेवणं हे तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ सालीच सांगितलं आहे. तसं केलं नाही तर सरकारी बाजू कमकुवत होते आणि संशयाचा फायदा आरोपीला जातो, हेही सांगितलं आहे. म्हणजे ठाणेदारानं आळस केला तर सुटणारा माणूस वेडामुळे सुटत नाही, आळसामुळे सुटतो. यावर मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

तपासणी करायची तर कुठे? सरकारी मनोरुग्णालयं राज्यात मोजून चार. ठाणे, पुणे, रत्नागिरी, नागपूर. अख्ख्या विदर्भाला एक नागपूर. मोर्शी तालुक्यातल्या आरोपीची मानसिक तपासणी नीट, काही दिवस दाखल करून करायची म्हटली की कोर्टाचं पत्र, जेलचं पत्र, पोलिसांचा गार्ड, गाडी, तिकडे खाट रिकामी असणं, मग अहवाल. एक कडी तुटली की पुढची तारीख.

तारखेचा एक दिवस ज्यानं कोर्टाच्या व्हरांड्यात काढला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. गेलेल्या पोराची माय सकाळच्या एसटीनं येते. पिशवीत पाण्याची बाटली, रुमालात बांधलेली भाकर, आणि वकिलाचं कार्ड. बाकावर जागा नसते, ती भिंतीला टेकून बसते. पुकारा होईल म्हणून चहालाही उठत नाही. दुपारी कळतं, आज आरोपीला आणलंच नाही, गार्ड मिळाला नाही. पुढच्या वेळी आरोपी असतो, तर पंच गैरहजर. त्याच्या पुढच्या वेळी तपास अधिकाऱ्याची बदली झालेली, समन्स जुन्याच ठाण्यावर गेलेलं. मग रासायनिक विश्लेषकाचा, म्हणजे सीएचा रिपोर्ट यायचा बाकी. मग साहेब रजेवर. शिपाई पुढची तारीख एका चिठ्ठीवर लिहून देतो आणि ती विचारते, ‘बाबू, तवा तरी होईन नं?’ तो काय सांगणार? ती चिठ्ठी घडी करून रुमालात बांधते.

त्या माऊलीला वेडाच्या कलमानं इतकं छळलेलं नाही, जितकं त्या चिठ्ठ्यांनी छळलंय.

कोर्टाला कागद लागतो, आणि आमच्या वऱ्हाडात मनाच्या आजाराचा कागद नसतोच. पोरगा रात्री-बेरात्री उठून बडबडायला लागला, सगळ्यांवर संशय घ्यायला लागला, की घरचे म्हणतात ‘बाहेरचं हाय’. मग त्याला सैलानीच्या दर्ग्याला नेतात, जाळीच्या देवाला नेतात. श्रद्धेनं नेतात, कर्ज काढून नेतात, महिना महिना तिथं राहतात. त्या माणसांची मी टिंगल करणार नाही, कारण डॉक्टर नागपुरात आणि देव जवळ, ही व्यवस्था त्यांनी केलेली नाही. पण पुढे त्याच पोराच्या हातून घात झाला तर कोर्टात त्या वाऱ्यांची नोंद कुठून आणायची? अख्ख्या गावाला माहीत असतं की दोन वर्षांपासून त्याचं डोकं जागेवर नव्हतं. तेच गाव साक्षीला उभं राहत नाही. बाहेर मात्र म्हणतं, सोंग घेतो.

हे रिद्धपुरात घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. तेराव्या शतकात महानुभावांचे गोविंदप्रभू याच गल्ल्यांतून फिरले. कुणाच्याही घरात शिरावं, कुणाचंही खावं, मनाला येईल तसं वागावं. तेव्हाच्या लोकांनी त्यांना वेडं म्हटलं आणि त्याच लोकांनी त्यांना देव मानलं. त्यांचं चरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी हे सगळं लपवाछपवी न करता नोंदवून ठेवलं, म्हणून आज ते आपल्याला माहीत आहे. खुनाच्या आरोपीशी या थोर पुरुषाची तुलना कुणी करू नये, मीही करत नाही. मला म्हाइंभट हवे आहेत. त्यांनी ऐकीव घेतलं नाही, ज्यानं पाहिलं त्याच्याकडे जाऊन विचारलं, पडताळलं, मग लिहिलं. आता मराठी भाषेचं विद्यापीठ ज्या गावात उभं राहतंय, त्या गावानं एखाद्या माणसाच्या मनाचा निकाल चहाच्या एका घोटात लावू नये.

उशिराचा शेवट कसा होतो तेही पाहून घ्या. कोल्हापूरच्या गावित बहिणींनी कोवळी पोरं पळवून मारली. २००१ मध्ये फाशी झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. दयेच्या अर्जाचा निकाल लागायला सात वर्षं दहा महिने लागले, आणि याच दिरंगाईवर बोट ठेवून २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. फाइल टेबलावर सरकारी माणसांनी ठेवली होती, आरोपींनी नव्हे. लोकांनी शिव्या मात्र न्यायाधीशांना घातल्या.

आणि जमावानंच न्याय केला तर? नागपुरात १३ ऑगस्ट २००४ ला अक्कू यादव या गुंडाला भर कोर्टात जमावानं ठार केलं. कस्तुरबा नगरच्या बायांनी वर्षानुवर्षं जे सोसलं ते वाचून आजही पोटात कालवतं, पोलिसांनी वेळीच ऐकलं असतं तर तो दिवस आलाच नसता. त्याला मारल्याचा खटलाही २०१४ पर्यंत चालला आणि आरोपी पुराव्याअभावी सुटले. म्हणजे जमावाच्या न्यायालासुद्धा तारीख चुकली नाही.

घाईनंही उशीरच होतो. संतोष मानेला २०१३ च्या एप्रिलमध्ये फाशी झाली, पण शिक्षेबाबत त्याचं म्हणणं नीट ऐकलं गेलं नव्हतं, म्हणून उच्च न्यायालयानं शिक्षा रद्द करून प्रकरण परत पाठवलं. डिसेंबरात पुन्हा तीच शिक्षा. एक पायरी गाळली आणि तेवढे महिने वाढले. मोठा खून झाला की ‘आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये’ असे ठराव होतात, आपण टाळ्या वाजवतो. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच बजावलंय. वकील नसेल तर खटला पुढे सरकत नाही, आणि सरकलाच तर अपिलात उलटतो.

वेगानं होतच नाही का? होतं. हिंगणघाटच्या प्राध्यापिकेला ३ फेब्रुवारी २०२० ला जाळलं, १० फेब्रुवारीला ती गेली. मध्ये कोरोनानं कोर्टं बंद पडली, तरी २०२२ च्या १० फेब्रुवारीला जन्मठेप सुनावली गेली. दोन वर्षं. सरकारनं मनावर घेतलं, तालेवार सरकारी वकील दिला, लोकांनी पाठ सोडली नाही. जिच्या नावानं मोर्चा निघत नाही तिच्या खटल्याचं काय, एवढाच प्रश्न राहतो.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आरोपनिश्चितीला त्यावरच्या पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांची मुदत आहे. तहकुबीलाही मर्यादा आहे. मोर्चेकऱ्यांनी या मुदती पाठ कराव्यात.

पुढच्या वेळी खून होईल, बाजार बंद होईल, कलेक्टर कचेरीवर निवेदन जाईल. त्यात ‘नराधमाला फाशी द्या’ ही ओळ असेल, असू द्या. तिच्या खाली आणखी काही ओळी लिहा. आरोपीला मानसोपचार डॉक्टरापुढे कोणत्या तारखेला उभं केलं? अहवाल कोर्टात कधी दाखल झाला? आरोपनिश्चिती कधी? साक्षीदारांना समन्स पोचले की नाही, कोण सांगेल? आणि तेच निवेदन घेऊन तीन महिन्यांनी परत जा, तेव्हा बाजार उघडा असला तरी.