झाकण न उघडताच ‘भंगार’ म्हणणाऱ्या दुकानदारास



आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना त्यांच्या संथ झालेल्या संगणकाबद्दल तुम्ही बेधडक सांगून टाकलंत, “बाई, हे भंगार झालंय, नवीनच घ्या.” वर 35,000 रुपयांचं कोटेशन हातात दिलंत. कॅबिनेटचं झाकण मात्र उघडलं नाहीत. मग तो स्क्रू ड्रायव्हर खिशात कशाला बाळगता?

डेस्कटॉप 2013चा, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री. मी टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू 8 टक्के. डिस्क 100 टक्के, आणि तिथून हलायला तयार नाही. प्रोसेसर रिकामा बसून होता, सगळं अडलं होतं हार्ड डिस्कपाशी. दुखणं गुडघ्याचं, आणि तुम्ही माणूसच बदलायला सांगता?

मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद लागतात. हवा तो मजकूर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, आणि हेड जागेवर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. असे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचते, आणि विंडोज सुरू होताना हजारो मागते. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तीच शोधाशोध ती सेकंदाला हजारोंच्या हिशेबात करते. हे तुम्हाला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. ठाऊक असून सांगितलं नाहीत, हा माझा आरोप आहे.

“जुन्या बोर्डावर एसएसडीचा काय उपयोग?” असंही म्हणालात. बोर्ड एच-61चा, डिस्क जोडायचे साटा पोर्ट 3 गिगाबिटचे, कबूल. चांगल्या एसएसडीचा जवळपास निम्मा वेग तिथे वाया जातो. पण बाई काही मोठमोठे व्हिडिओ कॉपी करत नाहीत. त्यांचा वेळ खात होती ती शोधाशोध, आणि ती जुन्या पोर्टवरही थांबते. बॅकअप घेतला, एसएसडी बसवली, 4 जीबी रॅमच्या जोडीला आणखी एक डीडीआर-3 स्टिक लावली. जुनी डिस्क आत तशीच ठेवली, फोटोंसाठी. खर्च तुमच्या कोटेशनच्या पासंगालाही पुरला नाही.

नवा संगणक घ्यायला सांगण्याचं एक प्रामाणिक कारण तुमच्याकडे होतं. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नियमित सपोर्ट संपला, आणि विंडोज 11च्या यादीत हा प्रोसेसर नाही. तेवढं सांगून विंडोजऐवजी लिनक्स मिंटचा पर्याय पुढे ठेवला असतात, तर निर्णय बाईंनीच घेतला असता. ईमेल, पीडीएफ, मराठी टायपिंग, एवढंच तर त्यांचं काम! पेन्शनीतून पैसे काढणाऱ्या माणसाला ही माहिती न देणं ही लबाडी आहे, आणि मी तिला तेच नाव देणार.

वाचकहो, संगणक दुकानात नेण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल; त्यात ‘डिस्क’चा रकाना बघा. तो सतत शंभरवर असेल, तर आधी एसएसडीचा भाव विचारा.