एवढं शिकून गाडी चालवता?

पुण्यात हल्ली हा प्रश्न टॅक्सीच्या मागच्या सीटवरून फार विचारला जातो. विचारणाऱ्याला वाटतं, आपण आपुलकी दाखवली. पुढे बसलेल्याला दिवसातून चारदा तेच उत्तर द्यावं लागतं. ही आपुलकी आपल्यापाशीच ठेवा, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

हिंजवडीतली नोकरी गेलेला माणूस दुसरी मिळेपर्यंत ॲपवर गाडी चालवतो, यात लाजण्यासारखं काहीही नाही. घराचा हप्ता पाच तारखेला जातो, मुलीची फी भरायची असते, आणि मुलाखतीच्या चार-चार फेऱ्या घेऊन ‘कळवतो’ म्हणणारे कळवत नाहीत. तो घर चालवतोय. त्यात हळहळण्यासारखं काय आहे?

गेल्या महिन्यात लोहगाव विमानतळावरून बाणेरला येताना असेच एक गृहस्थ भेटले. चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढलेली, शेवटी टीम लीड. गाडी भाड्याची होती. घरी स्वतःची गाडी आहे, तिचा हप्ताही चालू आहे; पण तिला पांढरी पाटी. भाडी मारायला पिवळी पाटी आणि परमिट लागतं. म्हणून स्वतःची गाडी सोसायटीत कव्हर घालून उभी, आणि हे रोज सकाळी दुसऱ्याच्या गाडीचं भाडं डोक्यावर घेऊन बाहेर पडतात. “दुपारपर्यंत गाडीमालकासाठी चालवतो, मग सीएनजीसाठी, आणि संध्याकाळनंतर घरासाठी,” ते म्हणाले. सिग्नलला त्यांनी फोनवरचा तक्ता उघडून दाखवला. कमिशन, टोल, गॅस आणि एक लाल रकाना: प्रवाशाशिवाय तोडलेलं अंतर. सीएनजीच्या रांगेत जाणारा वेळही त्यांनी मांडला होता. त्याचे पैसे कुणीच देत नाही.

त्यांची नोकरी कशी गेली ते ऐका. एचआरने बोलावलं, राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल म्हणून सांगितलं. यांनी दिला. तासाभरात लॅपटॉप जमा, गेटचं कार्ड बंद. कागदोपत्री त्यांना कुणीही काढलेलं नाही. मग ॲपवर आले, तर एका प्रवाशाच्या तक्रारीवरून तिथलाही आयडी दोन दिवस बंद. कुणाला विचारावं, तर समोर तयार उत्तरांचा चॅट. काम वर्षाच्या पॅकेजचं असो की रोजच्या कमाईचं, माणसाला बाहेर काढताना त्याचं म्हणणं ऐकायची गरज कुणाला वाटत नाही.

आणि हे एकट्याचं दुर्दैव नव्हे. जुलै 2025 मध्ये टीसीएसने जगभरातली सुमारे 2 टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यातली बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली. चाळिशीतल्या, पगार वाढलेल्या, घर घेऊन बसलेल्या माणसांची ही फळी. वाकड, पिंपळे सौदागरमधल्या सोसायट्या याच माणसांच्या हप्त्यांवर उभ्या आहेत.

त्या प्रवासातली एक गोष्ट मात्र मला जास्त लागली. एका प्रवाशाने त्यांना “ए दादा, एसी वाढव” असं फर्मावलं होतं. पुढे बोलता बोलता शिक्षण कळलं, तसा तोच प्रवासी “सॉरी सर, तुम्ही” वर आला. हे सांगताना गृहस्थांचा आवाज चढला. विमानतळावर त्यांच्या शेजारी गाडी लावणारा बीडचा एक जण बारा-पंधरा वर्षं टॅक्सी चालवतोय. कुठल्या वेळी कुठे उभं राहायचं, कुठल्या पंपावर गॅसचं प्रेशर चांगलं मिळतं, रात्री कुठली ट्रिप घ्यायची नाही, हे सगळं यांना त्याने शिकवलं. त्याला आजवर कुणी सॉरी म्हटलेलं नाही. म्हणजे आपण मान माणसाला देत नाही, मार्कलिस्टला देतो. ‘एवढं शिकून’ म्हणताना आपण त्या बीडच्या माणसाला न विचारता खालच्या पायरीवर बसवतो.

आता मदतीचं बोलू. नोकरी गेलेल्यांसाठी सरकारची एक योजना आहे: ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. सरासरी रोजच्या वेतनाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस. पण ती ईएसआयच्या विमाधारकांनाच, आणि ईएसआयची वेतनमर्यादा 2017 पासून महिना 21 हजार रुपयांवर आहे. आमच्या गृहस्थांचा पगार त्याच्या कितीतरी वर होता. चौदा वर्षं त्यांच्या पगारातून टीडीएस कापून घेतला गेला. पगार थांबला त्या महिन्यात हात पुढे करणारं कुणी नव्हतं. पीएफ आहे ना, असं म्हणणाऱ्यांना सांगतो, ते त्यांच्या म्हातारपणाचे पैसे आहेत.

आणि बीडवाल्याचं? सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. ॲपवर काम करणाऱ्यांची कायद्यात दखल घेतली गेली, कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्यांच्यासाठी द्यायची तरतूद झाली. चांगलंच आहे. त्यात अपघात, आरोग्य, म्हातारपण यांचं नाव आहे. आयडी बंद पडल्यावर घर कसं चालवायचं, याचं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गाडीत बसलात तर ओटीपी सांगा, पत्ता नीट द्या आणि त्याला शांतपणे गाडी चालवू द्या. प्रश्न विचारायचाच असेल, तर मत मागायला दारात येणाऱ्याला विचारा: दर महिन्याला आमचा कर कापून घेता, आमची नोकरी गेल्यावर तीन महिने काय देता? 21 हजारांच्या वर पगार असलेल्यासाठी त्याचं आजचं उत्तर आहे, काही नाही.