माझ्याकडे चालतंय

भाच्याला कॉम्प्युटरमध्ये बी.ई. होऊन आता दीड वर्ष होईल. तेवढ्यात त्याने अकरा वेबसाइट केल्या. पहिलीची लिंक त्याने मला कोथरूडहून डोंबिवलीला पाठवली, 'लोकलहोस्ट ३०००'. उघडेना. फोन केला तर म्हणाला, "मामा, माझ्याकडे चालतंय." लोकलहोस्ट म्हणजे ज्याचं त्याचं मशीन, हे मला मागाहून कळलं. लग्नपत्रिकेवर 'कार्यस्थळ : आपलं राहतं घर' असं छापावं आणि पाहुणे का येत नाहीत म्हणून दारात उभं राहावं, तसलाच प्रकार.

ती साइट कामांच्या यादीची. या धंद्यात शिरणारा प्रत्येक जण म्हणे आधी हीच करतो. मुंजीत भिक्षावळ असते तशी. यादीत चार कामं : दूध, इस्त्रीचे कपडे, रेझ्युमे, केस कापणे. एवढं लक्षात ठेवायला लॅपटॉपमध्ये 'नोड मॉड्यूल्स' नावाचं हजारो फायलींचं फोल्डर येऊन बसलं होतं. दूध अजून ताईच आणते.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइकने १९९५ साली दहा दिवसांत उभी केली, हे मला भाच्यानेच छाती फुगवून सांगितलं. मी म्हटलं, "मग तू तिसऱ्या वर्षापासून काय करतोयस?"

"बटण मधोमध आणतोय."

त्याची स्वतःवरचीही एक साइट आहे. काळी पार्श्वभूमी, त्यावर त्याचं नाव एकेक अक्षराने टाइप होतं, मग पुसलं जातं, मग पुन्हा टाइप होतं. खाली कौशल्यांच्या पट्ट्या : एचटीएमएल ९५ टक्के, सीएसएस ९०. हे कोणी तपासलं, असं मी विचारणार होतो, पण ताईने आधीच चष्मा लावून विचारलं, "उरलेले पाच कुठे गेले?" दहावीपासून तिचा हा एकच प्रश्न आहे.

करिअरची आवड दर सोमवारी बदलते. दिवाळीत फ्रंटएंड होती, संक्रांतीला फुल स्टॅक, होळीला ब्लॉकचेन, आणि हल्ली अर्थातच एआय. कायम आहे ती एकच अट : काम घरून हवं. "हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मला करिअर करायचं नाही," म्हणतो. हिंजवडीने त्याला अजून बोलावलेलं नाही, हा भाग वेगळा. रोज रात्री अर्ज करतो. 'फ्रेशर हवा, अनुभव दोन वर्षं' अशा जाहिराती वाचून मात्र मलाही त्याची दया येते. फ्रेशर आहे तर अनुभव कुठून आणायचा, आजोबांचा?

अकरावी साइट ताईच्या दिवाळी फराळाची. पडद्यावर चकली गरगर फिरते. डार्क मोडमध्ये लाडू चंद्रासारखे दिसतात. करंजी मागवायची तर आधी खातं उघडा, मग पासवर्ड, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. सर्व्हर फुकटातला, पंधरा मिनिटं कोणी फिरकलं नाही की झोपतो आणि हाक मारल्यावर मिनिटभराने डोळे उघडतो. त्या घरात हे गुण कोणाकडून आले, ते मी सांगायला नको. ताईच्या ऑर्डरी साइट आल्यावरही कालनिर्णयच्या मागे पेन्सिलीने लिहिलेल्या असत, आणि भिंतीवरचा खिळा आजवर एकदाही डाउन झालेला नाही.

मग वसुबारसेच्या आदल्या सकाळी साडेसहाला ताईचा फोन. आवाज कापत होता.

"अरे, साइटवर ऑर्डर आली! रात्री अडीचला. चकली, ९९ किलो."

"कोणाची?"

"कोणी टेस्ट म्हणून आहेत. आडनावही टेस्टच. पत्ता नुसता 'अबक' दिलाय, पण मोठी पार्टी दिसते. याला विचारावं तर हा आत्ताच झोपलाय, उठवत नाही मी. तू फक्त एवढं सांग, ९९ किलोला भाजणी किती लागेल? तांदूळ धुऊन पसरलेत मी गच्चीवर."