कोवलममध्ये पॅरिसचं गुरुत्वाकर्षण

अमेरिकेतल्या पोरांना गणित येत नाही, ही बातमी आपल्याकडे पेढे वाटावेत अशा उत्साहाने वाचली जाते. पीसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2022 साली तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांना गणितात सरासरी 465 गुण पडले, विकसित देशांच्या 472 या सरासरीहून कमी. तिकडे हाय खाल्ली गेली, इकडे मिशांना पीळ भरला. आता आपले गुण किती, असं विचारू नये. 2009च्या फेरीत आपण तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश अशी दोन राज्यं बसवली होती. तमिळनाडूला गणितात 351, विज्ञानात 348. 74 जणांच्या रांगेत ही दोघं तळाशी, गणितात त्यांच्याखाली फक्त किर्गिझस्तान. मग प्रश्नच आपल्या मातीतले नाहीत असं ठरलं आणि पुढच्या फेऱ्यांना आपण बसलोच नाही. नापासावरचा इतका स्वस्त इलाज अमेरिकेला सुचला नाही, म्हणून ती रडते.

त्याच तमिळनाडूतलं, चेन्नईच्या दक्षिणेचं कोवलम घ्या. समुद्र पाठीशी टाकून केळंबाक्कमकडे वळलं की कॉलेजांच्या पाट्या सुरू होतात. तिथे साध्या लंबकाचं जर्नल उघडा. कोवलमच काय, कोल्हापुरातलं उघडलंत तरी चालेल. गुरुत्वीय त्वरण 9.81. वास्तविक कोवलमच्या अक्षांशावर ते साधारण 9.78 असतं. 9.81 पॅरिसचं. म्हणजे लंबक टांगला कोवलमला आणि झुलला पॅरिसला, आणि तोही एकट्यादुकट्याचा नव्हे, अख्ख्या बॅचचा! याची कृती सोपी आहे. आधी पुस्तकातलं उत्तर लिहायचं, मग उलटं जात वीस आंदोलनांची वेळ काढायची, मग खरं वाटावं म्हणून दशांशातला एखादा आकडा इकडेतिकडे करायचा. स्टॉपवॉच डब्यातून निघतच नाही. (बहुधा त्याचा सेल गेलेला असतो, पण पुस्तकातल्या आकड्याला सेल लागत नाही.)

जाणकार म्हणतील, 9.78 आणि 9.81 यांत फरक तो 0.3 टक्के, हातातल्या स्टॉपवॉचने तो पकडता येईल का? सहसा नाहीच येणार. म्हणूनच तर खऱ्या बॅचमध्ये कुणाचं 9.6 यायला हवं, कुणाचं 9.9, एखाद्या धांदरटाचं 10.2. सगळ्यांचं 9.81 येणं हे अचूकतेचं नव्हे, चोरीचं लक्षण आहे. 1672 साली एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने पॅरिसला लावलेलं लंबकाचं घड्याळ विषुववृत्ताजवळच्या केयेनला नेलं, तर ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. त्याने तसंच लिहून ठेवलं, आणि पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे याचा पुरावा त्यातून मिळाला. आपल्याकडे असता तर ऐकलं असतं, ‘रीडिंग चुकलंय, शेजारच्याचं बघून घे.’ एक्स्टर्नल परीक्षकही तेच करतो: उत्तर बघतो, कव्हर बघतो, सही ठोकतो, जेवायला जातो. सोळाव्या वर्षी विज्ञानाच्या नावाखाली आपण मुलाला पहिली गोष्ट शिकवतो ती खोटं लिहायची, तीही सुवाच्य अक्षरात, समास सोडून. याची लाज कुणालाच कशी वाटत नाही?

मग अमेरिकेची विद्यापीठं आपलीच पोरं का घेतात, असं विचारलं जातं. खरं आहे, 2023-24 मध्ये तिथे 3.31 लाख भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. पण ती देशभरातून गाळून गेलेली पोरं. त्यांच्यावरून मागे उरलेल्या वर्गाचं शिक्षण कसं मोजणार? शिवाय ज्या देशाला गणित येत नाही म्हणून आपण हसतो, त्याच्याच लॅबमध्ये बसायला घर गहाण टाकून पोर पाठवतो, हे गणित कुणी मांडून दाखवेल का?

प्रॅक्टिकल घेणाऱ्यांना एकच विनंती. यंदा ज्याचं स्वतः मोजून 9.6 आलं असेल, त्याला पूर्ण मार्क द्या. 9.81 वाल्यांना स्टॉपवॉच देऊन परत लॅबमध्ये पाठवा. सेल मात्र आधी घाला.