कव्हर घातलेले इंग्रजी

वाचून इंग्रजी सुधारण्याच्या पद्धतीत पहिली पायरी पुस्तक निवडण्याची असते, आणि चेंबूरमध्ये बहुतेक वाचक याच पायरीवर घसरतात. पुस्तक ऐपतीप्रमाणे घ्यावे की इभ्रतीप्रमाणे, असा प्रश्न आला की चेंबूरकर इभ्रतीची बाजू घेतो. इंग्रजी कच्चे असल्याची जाणीव त्याला साधारण तीन प्रसंगी होते : मुलाखतीचे पत्र आल्यावर, बढतीच्या यादीत कालच्या पोराचे नाव आपल्या वर दिसल्यावर, आणि अमेरिकेतल्या मुलाच्या सासरची माणसे जेवायला येणार म्हटल्यावर. प्रसंग कोणताही असो, उपाय ठरलेला. घरातले कोणीतरी वडीलधारे, शक्यतो मामा, सांगतात, "टाइम्सचा अग्रलेख वाचत जा रोज." हे मामा स्वतः मराठी पेपर वाचतात, आणि तोही मागून, खेळाच्या पानापासून.

अग्रलेख वाचायला लागणारे साहित्य म्हणजे पेपर, टोक केलेली पेन्सिल, जाडजूड डिक्शनरी आणि दोनशे पानी वही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ लिहायचा असतो. पहिल्या दिवशी पहिले वाक्य संपेपर्यंत ऑफिसची वेळ होते. दुसऱ्या दिवशी कालचाच अग्रलेख पुढे चालवावा, तर ज्याला त्यात सल्ला दिलेला असतो त्या सरकारने तोवर निर्णय घेऊन टाकलेला असतो. अशा वह्या टिळकनगरपासून घाटल्यापर्यंत कुठल्याही माळ्यावर सापडतील. पहिली चार पाने भरलेली असतात, पाचव्यापासून दुधाचा हिशेब सुरू होतो.

यात वाचकाच्या चिकाटीला बोल लावण्यात अर्थ नाही. आकडेच त्याच्या विरुद्ध असतात. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी २००० साली काढलेला निष्कर्ष असा, की गोष्ट कोणाच्या मदतीवाचून नीट समजायला तिच्यातले १०० पैकी ९८ शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात. म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द सहा. सहापर्यंत माणूस अंदाजाने निभावून नेतो. तेच तीस झाले, की ते पान परगावच्या लग्नासारखे होते : सगळे छान चाललेले असते, पण कोण कोणाचा हे शेवटपर्यंत कळत नाही.

अग्रलेखाखालोखाल मान व्याकरणाच्या पुस्तकाला. 'रेन आणि मार्टिन' हे जोडनाव मराठी घरांत किर्लोस्कर-ओगले या चालीवर घेतले जाते. त्यातला रेन म्हणजे पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन. हा गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. पुढे १९२४ साली त्याने 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात चोरीला गेलेला नीलमणी आहे, सहारातला एकाकी किल्ला आहे आणि त्या किल्ल्याच्या तटावर शत्रूला फसवण्यासाठी उभे करून ठेवलेले मेलेले शिपाई आहेत. जगभर ती खपली, तिच्यावर सिनेमे निघाले. मराठी माणसाच्या इंग्रजीला या कादंबरीने जे केले असते ते व्याकरणाच्या शंभर आवृत्त्यांनी होणे कठीण. परंतु मराठी घरांनी क्रियापदांचे काळ शिकवणारा रेन आणला आणि सहारातला रेन दुकानातच राहू दिला. कारण उघड आहे. व्याकरण वाचणारा मुलगा अभ्यास करतो. कादंबरी वाचणारा वाया जातो.

ही समजूत शाळेतून घरी आलेली. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी ते पाचवीत भेटायचे आणि तिथेही मोकळेपणी भेटायचे नाही. बाई एक ओळ वाचत, तिचा मराठी अर्थ सांगत, वर्ग तो समासात पेन्सिलीने उतरवून घेई, आणि धडा संपला की प्रश्नोत्तरे गाइडातून पाठ होत. धड्यातला राजा पुढे जगला की मेला, याची चौकशी कोणी करत नसे. राजाच्या वाक्याचे कर्मणी रूप काय, याची होई. दहावी होईपर्यंत मुलाने इंग्रजी पुष्कळ सोडवलेले असे, वाचलेले मात्र नसे.

या दुखण्यावरचे औषध याच उपखंडात शोधले गेले होते. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक १९२०च्या दशकात ढाक्याला होता. बंगाली मुलांना इंग्रजी बोलायची गरज थोडी आणि वाचायची जास्त, असे त्याचे म्हणणे होते, आणि वर्गातली वाचनमाला तपासल्यावर त्याला दिसले की पुस्तक पानोपानी नवे आणि दुर्मीळ शब्द मुलांच्या अंगावर टाकत सुटते. मग त्याने गोष्टी थोड्या, नेहमीच्या शब्दांत पुन्हा लिहिल्या, आणि नवा शब्द आला की तो पुढे पुन्हापुन्हा येईल अशी व्यवस्था केली. पुढे १९५३ साली त्याने सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सोप्या केलेल्या गोष्टींची पातळ पुस्तके तेव्हापासून जगभर निघतात. चेंबूरमध्येही मिळतात. मात्र त्यांच्या मागच्या बाजूला 'पातळी : एक' असे छापलेले असते, आणि बेचाळीस वर्षांचा सेक्शन ऑफिसर हातात 'पातळी : एक' घेऊन कुर्ल्याला गाडी बदलत नाही.

या सगळ्याला अपवाद सांगायचा तर सर्वात मोठाच सांगावा. सुभेदार रामजी सकपाळ यांनी आपल्या धाकट्या मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करून घेतली. पाठमालेचा मार्ग खडतर. तिच्यामुळे इंग्रजीची धास्ती घेतलेली माणसे महाराष्ट्रात कमी नाहीत. पण या घरात पाठमाला एकटी नव्हती. मुलाने अवांतर पुस्तक मागितले की सुभेदार ते आणून देत; हातात पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडून उसने घेत, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत. एल्फिन्स्टन हायस्कूलमधला तो मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला असे आणि तिथेच तो केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. चेंबूरच्या आंबेडकर उद्यानात संध्याकाळी बाकांवर बसणारी मंडळी मुलांना बाबासाहेबांच्या अठरा तास अभ्यासाचे दाखले देतात. दागिने गहाण टाकून अवांतर पुस्तक आणणाऱ्या बापाचा दाखला देत नाहीत, कारण तो स्वतःवर उलटतो.

पाठमालेशिवाय आणि अग्रलेखाशिवाय ज्यांचे इंग्रजी सुधारले, ते चेंबूरकर या यशाचे श्रेय कोणाला द्यायचे ते सहसा सांगत नाहीत. श्रेय स्टेशनरोडच्या रद्दीच्या दुकानाला आणि पुस्तके भाड्याने देणाऱ्या खोपटवजा लायब्ररीला जाते. अशा ठिकाणी पुस्तके कण्याने नव्हे, तर थप्पीने ओळखली जात. एका थप्पीत जेम्स हॅडली चेस, दुसरीत पेरी मेसन, तिसरीत मिल्स अँड बून, खाली लहान मुलांसाठी एनिड ब्लायटन आणि फॅन्टमचे इंद्रजाल कॉमिक. अनामत एकदाच भरायची आणि पुस्तक परत केले की भाडे वजा. गिऱ्हाईक तक्रार करायचे, "काका, ह्याचं शेवटचं पान नाहीये." काका वर न बघता म्हणायचे, "म्हणूनच एक रुपया कमी लावला." शेवटचे पान नसलेल्या रहस्यकथेने चेंबूरच्या काही जणांना इंग्रजीतून विचार करायला भाग पाडले आहे.

चेसच्या पुस्तकांवर बहुधा एक पिस्तूल आणि एक अपुऱ्या कपड्यांतली बाई असे. त्यामुळे पुस्तकाला घरी नेण्याआधी वर्तमानपत्राचे कव्हर घातले जाई, आणि अशा रीतीने टाइम्सचा अग्रलेख शेवटी वाचकाच्या उपयोगी पडे. आतला मजकूर मात्र शिकणाऱ्याला फार सोयीचा. वाक्ये छोटी. माणसे दार उघडतात, सिगारेट पेटवतात, मोटार काढतात, खोटे बोलतात. आणि प्रत्येक पुस्तकात हेच पुन्हा करतात. तीन चेस वाचून झाल्यावर चौथ्यात अडण्यासारखे फारसे उरत नाही. गंमत अशी, की चेस हा मूळचा लंडनचा पुस्तकविक्रेता, खरे नाव रेने रेमंड. त्याने १९३९ साली पहिली कादंबरी लिहिली ती अमेरिकेतल्या गुंडांवर, आणि अमेरिका त्याने पाहिली होती ती मुख्यतः नकाशांत आणि तिकडच्या बोलीच्या शब्दकोशांत. म्हणजे ज्या इंग्रजीवर चेंबूरकर तयार झाला, ते लिहिणाऱ्यानेही डिक्शनरी उघडूनच कमावले होते.

बायकांच्या डब्यात हेच काम मिल्स अँड बूनने केले. पुस्तक पर्समध्ये मावे आणि कुर्ला सोडून वडाळा येईपर्यंत नायकाचा गैरसमज व्हायला पुरेसा वेळ मिळे. बापमाणसांची सोय वेगळी होती. मुलाला एनिड ब्लायटन आणून द्यायचे आणि 'बघू, काय वाचतोय' म्हणून रात्री स्वतः संपवायचे. परतीच्या गाडीत संध्याकाळचा पेपर असे. बेहराम कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८५ साली 'आफ्टरनून डिस्पॅच अँड कुरिअर' काढला. त्यात 'बिझीबी' या नावाने चालणारे त्यांचे सदर मुंबईकर आधी वाचत आणि बातम्या नंतर. शिवाजी पार्क, इराण्याचा चहा, घरातला बोल्शॉय नावाचा बॉक्सर कुत्रा, असे साधे विषय आणि त्याहून साधी वाक्ये. या सदराने मराठी माध्यमातल्या किती जणांना 'आपल्याला इंग्रजी विनोद कळतो' हा दिलासा दिला, त्याची मोजदाद झालेली नाही. व्हायला हवी होती.

सोप्या आणि पुष्कळ वाचनाने काम होते, याचा पुरावा फिजी बेटांवरून आला. तिथल्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची सुमारे २५० सचित्र पुस्तके दिली. १९८३ साली त्यांनी निकाल छापला : नेहमीच्या धड्यांवर राहिलेल्या मुलांपेक्षा या मुलांची वाचनातली प्रगती जवळजवळ दुप्पट वेगाने झाली, आणि पुढे लिहिण्यात आणि व्याकरणातही ती पुढे गेली. व्याकरण त्यांना वेगळे शिकवलेले नव्हते. हा भाग मामांना सांगू नये.

या पद्धतीचे दुष्परिणामही नोंदवायला हवेत. माणूस जे वाचतो तसे बोलू लागतो. माहुलला १९५०च्या दशकात रिफायनऱ्या आल्या, तुर्भ्याला अणुकेंद्र आले, खताचा कारखाना आला, आणि चेंबूरच्या वसाहतींत अशी एक पिढी तयार झाली जिचे सगळे इंग्रजी वाचन म्हणजे मॅन्युअल आणि कार्यालयीन पत्रे. या पिढीचे इंग्रजी अचूक असते आणि कशालातरी आग लागण्याच्या बेतात असल्यासारखे वाटते. निवृत्तीनंतर ही मंडळी सोसायटीची सेक्रेटरी होतात. मग जिन्यात चपला ठेवू नयेत एवढ्याशा गोष्टीसाठी फळ्यावर 'हिअरबाय', 'फेलिंग विच' आणि 'ॲट देअर ओन रिस्क' असलेली नोटीस लागते. समोरच्या विंगमधला वुडहाउसचा भक्त तिला चार पानी विनोदी उत्तर देतो, ते कोणालाच विनोदी वाटत नाही आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे जातो.

दुसरा परिणाम उच्चारांचा. वाचून शिकलेला शब्द डोळ्यांना वर्षानुवर्षे ओळखीचा असतो. कानांशी त्याची भेट झालेली नसते. 'डेब्रिस', 'कोलोनेल', 'रेन्डेझव्हस' असे शब्द माणूस आयुष्यभर मनात याच थाटात उच्चारतो आणि त्याचे काही बिघडत नाही, जोवर इंग्रजी माध्यमातली नात शेजारी बसलेली नसते. नात सहा वर्षांची असते आणि दयामाया तिला ठाऊक नसते. "आजोबा, 'एस' सायलेंट आहे." यावर उपाय मोठ्याने वाचण्याचा. नातीला गोष्ट वाचून दाखवायची आणि ती अडवेल तिथे थांबायचे. पुस्तक 'पातळी : एक' असले तरी चालते, कारण ते उघडपणे नातीचे असते.

रद्दीच्या दुकानांतली भाड्याची थप्पी आता गेल्यात जमा आहे आणि वाचन मोबाइलवर गेले आहे. हार्बरच्या गाडीत कॉलेजच्या मुली कोरियन मालिका इंग्रजी सबटायटलवर पाहतात. संवाद ऐकून काही कळत नाही, त्यामुळे वाचण्यावाचून गत्यंतर नसते. ओळ दोन-तीन सेकंदांत निघून जाते, डिक्शनरी उघडायला सवड मिळत नाही, आणि प्रेम, परीक्षा, सासू, पैसा यांपलीकडचे शब्द फारसे येत नाहीत. सोळा भागांत तेच शब्द शेकडो वेळा परत येतात. वेस्टने ढाक्यात जे घडवायला पुस्तके नव्याने लिहिली ते इथे आपोआप घडते. थोडे कोरियनही येते.